वाचकांचे प्रश्न : पोहण्यातला नंबर लागतो कशावरून?

पावसाळ्यात शालेय क्रीडास्पर्धा सुरू झाल्या की जलतरणाबद्दलची पत्रं वाढतात, आणि त्यांतली बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरतात: नंबर. कुणाला मुलाचा नंबर उमगत नाही, कुणाला शाळेचा. यावेळी तेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. ५० मीटर फ्रीस्टाइलला त्याच्या हीटमध्ये तो सरळ पहिला आला. संध्याकाळी यादी लागली तर सहावा! यादीत चूक आहे का? (एक पालक, शहापूर, बेळगाव)

यादी बरोबर असणार. शालेय स्पर्धांत तलाव एक-दोन दिवसच मिळतो, म्हणून वेगळी फायनल बहुधा घेत नाहीत. सगळ्या हीट, म्हणजे लेनच्या हिशेबाने पाडलेले गट, पोहून होतात, सगळ्यांच्या वेळा एकाखाली एक लावतात, तोच निकाल. याला टाइम्ड फायनल म्हणतात. हीटमध्ये पहिला येणं म्हणजे त्या वेळी पाण्यात असलेल्या पाच-सात जणांच्या आधी भिंत गाठणं, एवढंच.

हीट पाडतात त्या प्रवेशअर्जावरच्या वेळेवरून. सर्वांत वेगवान मुलं शेवटच्या हीटमध्ये येतात. आठ लेनचा तलाव असेल तर त्यांतला सर्वांत वेगवान चौथ्या लेनमध्ये, पुढचा पाचव्या, मग तिसऱ्या, सहाव्या, दुसऱ्या, सातव्या, पहिल्या आणि शेवटी आठव्या लेनमध्ये. सहा लेन असतील तर क्रम ३, ४, २, ५, १, ६ असा. ज्याच्या अर्जात वेळेचा रकाना कोरा, तो थेट सर्वांत संथ हीटमध्ये जातो. तुमच्या मुलाचं बहुतेक तेच झालं आहे. शेजारी टक्कर द्यायला कुणी नसलं की मूल शेवटच्या दहा मीटरांत मान वर काढून बाजूला बघतं. त्यात गेलेला अर्धा सेकंद यादीत तीन-चार नंबर खातो.

तेव्हा पुढच्या वेळी अर्जात मागच्या स्पर्धेची मोजलेली वेळ लिहा. फुगवून लिहू नका. ३३ सेकंदांचा मुलगा २८ वाल्यांच्या मधोमध पडला तर त्याचं अवसान पहिल्या पंचवीस मीटरांतच जातं.

प्रश्न : मुलगी १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकला जिल्ह्यात पहिली आली. राज्यस्पर्धेत चौदावी. मग तिचा खरा नंबर कुठला धरायचा? (एक पालक, चिकोडी)

दोन्ही खरे, पण दोन्ही वेगवेगळ्या गर्दीतले. आधी 'जिल्हा' या शब्दाचंच बघा. महसुली हिशेबात बेळगाव जिल्हा एक आहे, शिक्षण खात्याच्या हिशेबात मात्र दोन: बेळगाव आणि चिकोडी. निपाणी, हुक्केरी, अथणीच्या शाळा चिकोडीत. खानापूर, बैलहोंगलच्या बेळगावात. म्हणजे एकाच वर्षी, एकाच प्रकारात 'जिल्ह्यात पहिल्या' अशा दोन मुली असू शकतात. त्यांची गाठ पडते ती पुढे विभागीय स्पर्धेत. राज्यस्पर्धेत तर गाठ बेंगळूरशी; तिथे क्लबांची जुनी परंपरा आहे आणि तिथली मुलं दिवसातून दोनदा पाण्यात उतरतात. राज्यातला चौदावा नंबर घरी लपवायचं कारण नाही.

नंबर त्या दिवशी कोण आलं यावर ठरतो. मुलीबरोबर पुढे जाते ती तिची वेळ. पण ती वेळही तीन गोष्टी सोबत लिहिल्याशिवाय अर्धवट असते.

पहिली गोष्ट तलावाची लांबी. १०० मीटरला ५० मीटरच्या तलावात एक टर्न, २५ मीटरच्या तलावात तीन. प्रत्येक टर्नला भिंतीवरून फुकटचा धक्का मिळतो आणि ब्रेस्टस्ट्रोकमध्ये तर पाण्याखालचा लांब हात मारायला मिळतो. त्यामुळे २५ मीटरवरची वेळ चांगल्या पोहणाऱ्याची एक-दोन सेकंदांनी कमी दिसते. ज्याचा टर्न कच्चा, त्याला हा फायदा मिळत नाही, उलट तीन वेळा तोटा होतो. म्हणून दोन तलावांच्या वेळा एका यादीत घालू नयेत. रूपांतराचे तक्ते मिळतात, पण ते सरासरीवर बनलेले. तुमच्या मुलीचा टर्न कसा आहे हे तक्त्याला कुठून कळणार?

आणि तलाव नावाला २५ मीटर असून भागत नाही. आंतरराष्ट्रीय नियमात लांबी जास्तीत जास्त एक सेंटिमीटर वाढीव चालते, कमी मात्र मिलिमीटरही चालत नाही. टचपॅडची, म्हणजे हात लागताच घड्याळ थांबवणाऱ्या भिंतीवरच्या पट्टीची, जाडी एक सेंटिमीटर असते. बरोबर २५.०० मीटर बांधलेल्या तलावात एका भिंतीला पॅड लावलं की तो २४.९९ होतो आणि विक्रमासाठी बाद ठरतो. रिसॉर्टचे आणि सोसायट्यांचे तलाव तर कधी १८ मीटर, कधी २२. तिथली वेळ सरावाच्या वहीत लिहा, अर्जावर नको.

दुसरी गोष्ट घड्याळ. टचपॅड असेल तर ती वेळ ग्राह्य. हाताने घेतलेल्या वेळेत एका लेनला तीन स्टॉपवॉच असावीत. दोन घड्याळं जुळली तर ती वेळ. तिन्ही वेगळी आली तर मधली. म्हणजे १:३१.१२, १:३१.२० आणि १:३१.४१ असेल तर १:३१.२०. दोनच घड्याळं असतील तर सरासरी. हाताची वेळ साधारण एक-दोन दशांशांनी चांगली येते, कारण भोंगा ऐकून बटण दाबायला उशीर होतो आणि शेवटी हात भिंतीकडे येताना दिसत असल्यामुळे बटण वेळेत, कधी आधीच, दाबलं जातं. ५० मीटरला हा फरक पदकाइतका मोठा असतो. वेळेपुढे 'हाताची' की 'पॅडची' असं लिहायची सवय ठेवा.

तिसरी गोष्ट, वेळ नियमात बसते का. ब्रेस्टस्ट्रोकला दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले नाहीत तर पोहणारी बाद, आणि बाद झालेल्याची वेळ कुठल्याच यादीत येत नाही. गॅलरीतून पालकांनी घेतलेली वेळ कितीही सुंदर असो.

प्रश्न : आमच्या हायस्कूलमध्ये उत्कृष्ट जलतरणपटूची ढाल द्यायची आहे. एकाची १०० मीटर फ्रीस्टाइलची वेळ १:०२.००, दुसऱ्याची १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची १:१८.००. दोघेही आपापल्या प्रकारात पहिले. तुलना कशी करायची? (एक क्रीडाशिक्षक, खानापूर)

यासाठीच जागतिक जलतरण संघटनेची गुणपद्धत आहे. पूर्वी तिला 'फिना पॉइंट्स' म्हणत. संघटनेचं नाव आता वर्ल्ड अॅक्वाटिक्स झालं आहे, गणित तेच. त्या प्रकाराच्या जागतिक विक्रमाला मुलाच्या वेळेने भागा, आलेल्या आकड्याचा घन करा, १००० ने गुणा, दशांश सोडून द्या.

पुरुषांच्या १०० मीटर फ्रीस्टाइलला चीनच्या पान झानलेची २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधली ४६.४० सेकंद ही वेळ आधार धरू. ४६.४० भागिले ६२.०० म्हणजे ०.७४८४, घन ०.४१९१; गुण ४१९. ब्रेस्टस्ट्रोकला अॅडम पीटीची २०१९ मधली ५६.८८. ती ७८.०० ने भागली की ०.७२९२; घन ०.३८७७, गुण ३८७. दोन्ही वेळा ५० मीटरच्या तलावातल्या आणि एकाच प्रकारच्या घड्याळाच्या असतील तर ढाल फ्रीस्टाइलवाल्याची.

कॅल्क्युलेटरवर चूक होते ती एकाच ठिकाणी. १:१८ म्हणून १.१८ टाकतात आणि गुण कोटींत येतात. आधी मिनिटांचे सेकंद करून घ्या. दुसरी चूक आधारवेळेची. मुलगे-मुलींचे तक्ते वेगळे, २५ आणि ५० मीटरचे वेगळे, आणि तक्ता दर वर्षी नवा होतो. सगळ्यांना एकाच वर्षाचा लावा म्हणजे झालं.

घन का, सरळ टक्केवारी का नाही? पाणी कापायला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वर जाल तसा एकेक सेकंद महाग होतो. तुमचा १:०२ वाला मुलगा १:०१ वर आला तर ४१९ चे ४४० होतात. अंदाजासाठी सांगतो: बेंगळूरच्या श्रीहरी नटराजने २०२१ मध्ये १०० मीटर बॅकस्ट्रोक ५३.७७ सेकंदांत पोहून ऑलिंपिकची पात्रता गाठली. ५१.६० चा विक्रम आधार धरला तर ते ८८३ गुण होतात. शाळेतल्या मुलाचे ४०० गुण बघून नाक मुरडणाऱ्या विश्वस्तांना हे सांगा.

एक मर्यादा लक्षात ठेवा. आधार मोठ्यांच्या विक्रमाचा असल्यामुळे वय त्यात येत नाही. बारा वर्षांच्या मुलाला सोळा वर्षांच्या मुलासमोर या तक्त्यावर उभं करणं अन्याय आहे. १४ खालच्यांची ढाल वेगळी ठेवा.

प्रश्न : शहरातल्या दहा-बारा हायस्कूलांची वर्षभराची क्रमवारी आम्ही काही शिक्षक मिळून लावणार आहोत. सगळ्या मुलांच्या वेळांची सरासरी काढली तर चालेल का? (एक क्रीडाशिक्षिका, टिळकवाडी)

सरासरी नकोच. ज्या शाळेने दोन पट्टीचे पोहणारे आणले ती वर जाते आणि ज्या शाळेने वीस मुलांना पाण्यात उतरवलं ती खाली. पुढच्या वर्षी प्रत्येक शाळा आपली कच्ची मुलं घरी ठेवेल. उलट सगळ्यांच्या गुणांची नुसती बेरीज केली तर ज्यांचं पटावरचं बळ मोठं त्यांचंच राज्य.

मधला मार्ग म्हणजे कागदावरची स्पर्धा. प्रत्येक मुलाची त्या हंगामातली प्रत्येक प्रकारातली एकच सर्वोत्तम वेळ घ्या आणि सगळे एकाच दिवशी पोहले असं मानून निकाल लावा. प्रकार मोजके ठेवा: ५० आणि १०० फ्रीस्टाइल, १०० बॅक, १०० ब्रेस्ट, १०० बटरफ्लाय, २०० वैयक्तिक मेडले (चारही प्रकार एकट्याने) आणि एक ४×१०० रिले. पहिल्या आठांना ९-७-६-५-४-३-२-१ असे गुण द्या, रिलेला दुप्पट. एका प्रकारात एका शाळेचे दोघेच धरा आणि एका मुलाचे दोन-तीनच वैयक्तिक प्रकार मोजा. ही दोन कुंपणं घातली नाहीत तर क्रमवारी शाळांची न राहता दोन-चार मुलांची होते.

उदाहरण घ्या. एका शाळेत एकच तारा आहे. तो दोन प्रकारांत पहिला: १८ गुण. दुसऱ्या शाळेत कुणीच पहिलं येत नाही, पण त्याच दोन प्रकारांत तिची मुलं दुसरी आणि चौथी: (७ + ५) दोनदा, म्हणजे २४. चौघं धड असल्यामुळे रिलेही तिचीच: आणखी १८. एकूण ४२ विरुद्ध १८. हॉलमध्ये फोटो ताऱ्याचा लागेल, पण संघ म्हणून दुसरी शाळा बरीच पुढे आहे, आणि क्रमवारीने हेच दाखवायला हवं.

तक्त्यात हे रकाने हवेतच: जन्मदाखल्यावरचं नाव, जन्मतारीख, शाळा, प्रकार, वेळ, तलावाची लांबी, हात की पॅड, स्पर्धा, तारीख. मुलगे-मुली वेगळे, १४ खालचे आणि १७ खालचे वेगळे. पीयूसीची (अकरावी-बारावीची) मुलं यात घेऊ नका. त्यांच्या स्पर्धा पदवीपूर्व खातं स्वतंत्र भरवतं आणि त्यांच्या वेळा मिळवताना तुमची दमछाक होईल. २५ मीटरची एक यादी, ५० मीटरची एक. दोन्ही मिळून एक करण्याचा मोह होईल, टाळा. आणि गुणांची पद्धत हंगामाच्या आधी छापून वाटा. निकाल लागल्यावर ठरवलेल्या नियमावर कुठल्याही मुख्याध्यापकांचा विश्वास बसणार नाही.

प्रश्न : भाची अमेरिकेत हायस्कूलच्या संघातून पोहते. तिच्या संघाने वर्षभर एकही सामना हरला नाही, तरी राज्यात अकरावा. हे कोडं सुटत नाही. (नंदगड)

तिथे दोन तऱ्हेच्या स्पर्धा असतात आणि दोन्हींत वेगवेगळे संघ चमकतात. हंगामात दोन शाळांची समोरासमोर लढत होते. सहा लेन, प्रत्येकीचे तिघे, आणि पहिल्या पाचांना ६-४-३-२-१ गुण. रिलेला ८-४-२. एका शाळेचा मुलगा पहिला आला आणि बाकीचे दोघे पाचवे-सहावे, तर तिला ७ गुण. दुसरीचे दुसरे, तिसरे, चौथे आले तर ९! म्हणजे एकही शर्यत न जिंकता लढत जिंकता येते. इथे ज्याच्याकडे मुलं जास्त तो बळकट.

राज्यस्पर्धेत चित्र उलटतं. सोळा जणांना गुण देण्याची पद्धत असेल तर ते २०, १७, १६, १५, १४, १३, १२, ११ आणि मग ९, ७, ६, ५, ४, ३, २, १ असे. तोच पहिला आलेला तारा आता २० आणतो. दुसऱ्या शाळेचे तिघे बारावे, तेरावे, चौदावे आले तरी ५ + ४ + ३ म्हणजे १२ च. सोळाच्या पुढे गेले तर शून्य. रिलेला दुप्पट गुण असल्यामुळे पहिली रिले ४० गुणांची. एक मुलगी चारच प्रकारांत उतरू शकते आणि त्यांत वैयक्तिक दोनच, त्यामुळे तिला वैयक्तिक शर्यतीत घालायचं की रिलेत, हे ठरवण्यात प्रशिक्षकाचं कसब लागतं. भाचीचा संघ भरगच्च दिसतो, पण वरच्या फळीचा नाही.

हंगाम चालू असताना ज्या क्रमवाऱ्या दिसतात त्यांतल्या अनेक वर सांगितलेल्या कागदी स्पर्धेसारख्याच असतात. त्यांत कोचने वेळा पाठवल्या नाहीत तर चांगला संघही खाली दिसतो.

आणि तिच्या वेळा इथल्या मुलींशी ताडून बघत असाल तर थांबा. तिकडच्या हायस्कूलांचे तलाव बहुतांशी २५ यार्डांचे. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. २५ मीटरच्या तलावाशी तुलनेसाठी ढोबळमानाने १.११ ने गुणतात, म्हणजे तिचे ६० सेकंद इथे साधारण ६६ ते ६७. तिथली ५०० यार्डांची शर्यत ४५७.२ मीटरची भरते, ती आपल्या ४०० मीटरशी सरळ ताडताच येत नाही.

प्रश्न : राहायला निपाणीत, शाळा कोल्हापुरात, सराव दोन्हीकडे. मुलाची क्रमवारी कुठल्या राज्यात लागेल? (निपाणी)

शालेय स्पर्धांत शाळा जिथे, राज्य ते. म्हणजे कोल्हापूर विभागातून महाराष्ट्र. आशियाई पदक मिळवणारा वीरधवल खाडे ज्या शहरातला, तिथे चुरस कमी असेल असं समजू नका. जलतरण संघटनेच्या स्पर्धांचं वेगळं. तिथे ज्या राज्य संघटनेमार्फत मुलाची नोंदणी झाली आणि क्रमांक मिळाला, त्या राज्याची यादी. एकदा कर्नाटकातून नोंदणी केल्यावर महाराष्ट्रातून उतरायचं तर ना हरकत पत्र लागतं. त्यामुळे क्लब निवडताना सरावाच्या वेळा बघता तसं हेही बघा, आणि घाईने दोन्हीकडे अर्ज करू नका. एकाच हंगामात दोन राज्यांची नावं आढळली तर दोन्हीकडची प्रवेशिका अडकते.

प्रश्न : मुलीच्या चांगल्या वेळा यादीत दिसतच नाहीत. (येळ्ळूर)

बहुतेक त्या आहेत, पण दुसऱ्या नावावर. आपल्याकडे जन्मदाखला कानडीत, शाळेची नोंद मराठीत, निकाल इंग्रजी अक्षरांत. एका स्पर्धेत आडनाव आधी, दुसरीत वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, तिसरीत पाटीलमधला 'टी' एका 'आय'चा तर चौथीत दोन 'ई'चा. संगणकाच्या लेखी या चार मुली झाल्या आणि प्रत्येकीची एकेकच वेळ. नोंदणीच्या वेळी आधारवर जसं स्पेलिंग आहे तेच, त्याच क्रमाने, सगळीकडे लिहा. पीटी सरांना अर्ज तोंडी सांगू नका, चिठ्ठीवर लिहून द्या.

प्रश्न : रिलेतली वेळ मुलाच्या नावावर धरता येते का? (हिंडलगा)

पहिल्या पोहणाऱ्याची येते. तो सगळ्यांसारखा भोंग्यावर सुटतो, म्हणून ४×१०० मधल्या त्याच्या पहिल्या १०० मीटरची वेळ अधिकृत. नंतरच्या तिघांना आधीच्याचा हात भिंतीकडे येताना दिसतो, ते झोक घेऊन सुटतात आणि त्यांची वेळ अर्ध्या सेकंदाहूनही जास्त कमी भरते. ती वैयक्तिक यादीत चालत नाही. मुलगे-मुलींच्या मिश्र रिलेत पहिल्याचीही वेळ विक्रमासाठी धरत नाहीत.

पुढे तिसरा मुलगा लवकर सुटला आणि संघ बाद झाला, तरी पहिल्याची वेळ शाबूत राहते. फक्त ती निकालपत्रात लिहून घ्यावी लागते. संघ बाद झाला की टेबलावरची मंडळी त्या ओळीवर सरळ काट मारतात. तेव्हा शर्यत संपल्या संपल्या मुख्य वेळाधिकाऱ्यांकडे जाऊन पहिल्या टप्प्याची वेळ कागदावर मागून घ्या. तलाव रिकामा झाल्यावर ती मिळत नाही.